टाकाऊ कागद, टिकाऊ भूमिती

शाळेत कार्यानुभवाचा तास आला की घरी खर्चाची यादी येते. घोटीव कागद, कार्डशीट, डिंकाची बाटली. बारामतीच्या एमआयडीसीत रोजंदारीवर जाणारा बाप किंवा इंदापूरकडे डाळिंबाच्या बागेत राबणारी आई म्हणते, "पुढच्या पगाराला बघू." आणि पोर त्या तासाला हाताची घडी घालून बसते. बंधू-भगिनींनो, हे टाळता येते. कागदाच्या घडीकामाला, ज्याला जपानी भाषेत ओरिगामी म्हणतात, विकतचा कागद लागतोच असे नाही.

हिरोशिमाची सादाको सासाकी ही मुलगी अणुबॉम्बच्या किरणोत्सर्गातून जडलेल्या रक्ताच्या कर्करोगाने 1955 साली, अवघ्या बाराव्या वर्षी गेली. दवाखान्यात ती कागदाचे क्रौंच पक्षी घडवीत असे, तेही औषधांच्या वेष्टनांचे कागद जमवून. आपल्या जिल्ह्यातील ओतूरचे डॉ. अनिल अवचट 2022 साली निवर्तले. हमालांवर, निपाणीच्या तंबाखू कामगार बायांवर लिहिणारा हा माणूस मुले भेटली की कागद दुमडायला बसे. ओरिगामीवर त्यांनी मराठीत पुस्तकही लिहिले.

पण आमच्या मते यातली खरी कमाई खेळण्याची नाही, भूमितीची आहे. मद्रास इलाख्यात टी. सुंदरराव नावाचे डेप्युटी कलेक्टर होते. नुसत्या घड्या घालून भूमिती शिकविणारे त्यांचे पुस्तक 1893 साली मद्रासला छापले गेले. गणिताचा प्राध्यापक नव्हे, महसूल खात्यातला माणूस! कारकुनी करणाऱ्या आम्हांला याचे विशेष कौतुक वाटते.

घरी करून पाहा. जुन्या वहीचे पान उभे धरून मधोमध उभी घडी घाला आणि उघडा. आता खालचा डावा कोपरा उचलून त्या मधल्या रेघेवर टेकवा. नवी घडी मात्र खालच्या उजव्या कोपऱ्यातूनच निघाली पाहिजे. पान उघडा. उजव्या कोपऱ्यातल्या काटकोनाचे त्या घडीने दोन भाग केलेले दिसतील, खालचा 30 अंशांचा आणि वरचा 60 अंशांचा. कोनमापक नाही, कंपास नाही. असे का होते, हे नववी-दहावीच्या मुलाला विचारा. उत्तर आले नाही तर रागावू नका, पुन्हा घडी घालायला सांगा.

लहानांसाठी पेला. आधी चौरस हवा. पानाची आखूड कड लांब कडेवर आणून दुमडा, उरलेली पट्टी नखाने घडी दाबून फाडा. (ती पट्टी पुस्तकात खूण म्हणून ठेवता येते.) चौरस कर्णावर दुमडला की त्रिकोण होतो. त्याची लांब बाजू आपल्याकडे ठेवा. उजवे टोक समोरच्या तिरक्या कडेवर असे आणा, की दुमडलेल्या भागाची वरची कड खालच्या बाजूला समांतर राहील. डावे टोक तसेच पलीकडे न्या. वर दोन टोके उरतात. एक पुढच्या खिशात खोचा, दुसरे मागे दुमडा आणि तोंड उघडा. पेन्सिली, खडू, बटणे त्यात छान राहतात.

कागद कोणता? कचेरीतले पाठकोरे कागद सर्वांत चांगले, ते रद्दीत गेलेले असले तर मागून घ्यावेत. आमच्या इंदापूर तालुक्यात भिगवणजवळ कागदाचा मोठा कारखाना आहे. तिथे बनतो तसला गुळगुळीत, मुलामा दिलेला कागद छपाईला उत्तम, पण घडीवर त्याचा मुलामा तडकतो आणि पांढरी रेघ उमटते. लग्नपत्रिका फार जाड. वर्तमानपत्र मऊ पडते, त्याच्या टोप्या आणि मोठ्या होड्या कराव्यात.

मात्र वर्तमानपत्राच्या पेल्यात मुलांना भेळ, भजी देऊ नका. छपाईच्या शाईतील घातक रसायने अन्नात उतरतात. म्हणून वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधू नयेत, असे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2016 साली बजावले आहे. हे वडापावच्या गाडीवरही सांगायला हरकत नाही.