नॉर्वेजियनमधून इंग्रजी करताना ओळखीचा शब्दच का फसवतो?

मी शिक्षणासाठी नॉर्वेत राहतो. फोनची भाषा बदलता येते, पण राउटरचं माहितीपत्रक किंवा दुकानातल्या सूचना बऱ्याचदा नॉर्वेजियनमध्येच असतात. नवीन आलेल्या मुलांना त्यांचं इंग्रजी मी करून देतो.

इथले काही शब्द मजेदार आहेत. ब्राउझरला म्हणतात 'नेटलेसर', म्हणजे नेट वाचणारा. पेन ड्राइव्ह म्हणजे 'मिनेपिने', मेमरीची काडी! ईमेलमधलं ॲटचं चिन्ह म्हणजे 'क्रॉलआल्फा', कुरळा आल्फा. यांचं शब्दशः इंग्रजी केलं तर ते दरवेळी कळेलच असं नाही. त्या वस्तूला इंग्रजीत आधीपासून जे नाव आहे, तेच वापरायचं.

पण हे शब्द अनोळखी असल्यामुळे आपण अर्थ शोधतोच. खरी गोची होते ती ओळखीच्या दिसणाऱ्या शब्दांत. एस-के-वाय हे स्पेलिंग पाहून आपण 'स्काय' वाचतो. नॉर्वेजियनमध्ये त्याचा उच्चार साधारण 'शी' आणि अर्थ ढग! म्हणजे तिथे आकाश नाही, क्लाउड स्टोरेज आहे.

मी स्वतः फसलो तो 'एव्हेन्तुएल्त' या शब्दात. माझ्या रूममेटला जुना फोन विकायचा होता. दुकानाच्या कागदावर लिहिलं होतं, "गरज असल्यास बॅकअप घ्या. मग फोन रीसेट करा." मी घाईत त्या शब्दाचं इंग्रजी 'इव्हेंच्युअली' केलं, म्हणजे 'शेवटी कधीतरी'. त्याला वाटलं, बॅकअप नंतर घेतला तरी चालेल. त्याने आधी रीसेट केलं आणि घरचे दोन वर्षांचे फोटो गेले. तो मला काही बोलला नाही, पण मला आजही वाईट वाटतं.

तेव्हापासून मी तीन गोष्टी पाळतो:

१. एकटा शब्द नाही, पूर्ण वाक्य ट्रान्सलेट करायचं.
२. आलेलं इंग्रजी पुन्हा नॉर्वेजियनमध्ये करून बघायचं. अर्थ बदलला, तर कुठेतरी चूक आहे.
३. डिलीट, रीसेट, पेमेंट असे शब्द असतील, तर ती भाषा येणाऱ्या माणसाला विचारल्याशिवाय बटण दाबायचं नाही.

तुम्ही कॅमेरा लावून कुठल्याही भाषेचं भाषांतर करत असाल, तरी हेच लागू होतं. अनोळखी शब्द तुम्ही तपासालच. ओळखीचा वाटणाराही एकदा तपासा. आणि बॅकअप मात्र आधीच घ्या!