सातासमुद्रापार मोबाईल : खर्च आटोक्यात, खाते हाताशी

परदेश प्रवास ही मराठी कुटुंबांत आता नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. कुणी मुला-नातवंडांकडे सहा महिन्यांसाठी अमेरिकेला जाते, कुणी पर्यटन संस्थेबरोबर युरोपची पंधरा दिवसांची सहल करते, तर कुणाला कामानिमित्त चार दिवस दुबई गाठावी लागते. पारपत्र, व्हिसा, विमा, परकीय चलन, औषधे यांची यादी कित्येक आठवडे आधी तयार होते. मोबाईलचा विचार मात्र बहुधा विमानतळाच्या वाटेवर सुचतो आणि घाईघाईत मिळेल तो पॅक घेतला जातो.

स्वस्त सेवा निवडणे म्हणजे मिनिटाचा सर्वांत कमी दर शोधणे, असा सर्वसाधारण समज आहे. तो अपुरा आहे. प्रवाशाच्या हातातील मोबाईल आज दोन वेगवेगळी कामे करतो. पहिले काम संपर्काचे : बोलणे, नकाशा पाहणे, छायाचित्रे पाठवणे. दुसरे काम ओळख पटवण्याचे : बँकेत नोंदवलेल्या क्रमांकावर येणारा ओटीपी आणि व्यवहाराची सूचना मिळवणे. पहिले काम कोणत्याही देशाच्या सिम कार्डावर होऊ शकते. दुसरे बहुतांशी भारतातील नोंदणीकृत क्रमांकावरच होते. ही दोन कामे निरनिराळी करून पाहिली, की निवड पुष्कळ सोपी होते.

रोमिंग महाग का पडते?

भारतातील पहिला मोबाईल संवाद ३१ जुलै १९९५ रोजी कोलकाता व दिल्ली यांच्या दरम्यान झाला. त्याच्या तीन वर्षे आधी, १९९२ मध्ये, फिनलंड व ब्रिटनमधील दोन कंपन्यांनी आंतरराष्ट्रीय रोमिंगचा पहिला करार केला होता. एका कंपनीच्या ग्राहकाला परक्या देशात दुसऱ्या कंपनीचे जाळे वापरू द्यायचे आणि त्याचा हिशेब दोन्ही कंपन्यांनी आपसांत मिटवायचा, हे त्यामागील तत्त्व आजही कायम आहे.

खर्चाचे मूळ याच व्यवस्थेत आहे. प्रवासी लंडनमध्ये असताना पुण्याहून त्याला कुणी फोन केला, तर तो आधी भारतातील त्याच्या कंपनीकडे जातो आणि तेथून लंडनला पोहोचवला जातो. फोन करणाऱ्याला हा प्रवास ठाऊक नसतो. तो नेहमीचेच शुल्क भरतो. पुढील टप्प्याचा भार फोन घेणाऱ्यावर पडतो. म्हणूनच रोमिंगमध्ये आलेला फोन घेतल्यासही पैसे लागतात. इंटरनेटच्या बाबतीत तर ग्राहकाने काहीही न करता खर्च होऊ शकतो. खिशातील मोबाईल ॲप अद्ययावत करीत राहतो, छायाचित्रे साठवणीसाठी पाठवत राहतो.

चार मार्ग

पहिला मार्ग भारतीय कंपनीच्या रोमिंग पॅकचा. क्रमांक बदलत नाही, सिम काढावे लागत नाही आणि परदेशात उतरताच सेवा सुरू होते. अल्प मुक्कामासाठी हा सोयीचा होय. मात्र पॅकचा दिवस कसा मोजला जातो, भारतीय वेळेनुसार की पहिल्या वापरापासून चोवीस तास, हे आधी विचारून घ्यावे.

दुसरा मार्ग त्या देशातील प्रीपेड सिमचा. पारपत्र दाखवून ते विमानतळावर किंवा शहरातील दुकानात घेता येते. मुक्काम लांबला की बहुधा हेच सर्वांत किफायतशीर ठरते.

तिसरा मार्ग ई-सिमचा. यात प्लास्टिकचे कार्ड नसते. जोडणीची माहिती मोबाईलमधील चिपमध्ये उतरवून घेतली जाते. घरबसल्या खरेदी करता येते आणि भारतीय सिम जागेवरच राहते, हे याचे दोन मोठे लाभ. परंतु प्रवाशांसाठीच्या अनेक ई-सिम योजना केवळ इंटरनेट देतात. त्यांत बोलण्यासाठी क्रमांक नसतो.

चौथा मार्ग भारतातच विकल्या जाणाऱ्या परदेशी सिमचा. अशी विक्री करणाऱ्या कंपन्यांना दूरसंचार विभागाचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. ते असल्याची खात्री करूनच व्यवहार करावा.

निवड करताना थोडे अंकगणित उपयोगी पडते. उदाहरणादाखल, प्रत्यक्ष दर म्हणून नव्हे, एक दिवसाचा पॅक ५०० रुपयांना आणि तीस दिवसांचे स्थानिक सिम ३,००० रुपयांना मिळते असे धरले, तर सहाव्या दिवशी दोन्हींचा खर्च समान होतो. चार दिवसांच्या प्रवासाला पॅक बरा. पंधरा दिवसांच्या मुक्कामात मात्र तोच ७,५०० रुपयांवर जातो. चौघांचे कुटुंब एकत्र फिरणार असेल, तर प्रत्येकाने स्वतंत्र इंटरनेट घेण्याची गरज नसते. एका मोबाईलवर मोठी योजना घेऊन हॉटस्पॉटद्वारे इतरांना जोडता येते; योजनेत त्याला मुभा आहे एवढे पाहावे.

देश तसा विचार

युरोपीय संघात १५ जून २०१७ पासून रोमिंगचे अतिरिक्त शुल्क रद्द झाले. पॅरिसमध्ये घेतलेले सिम, त्यात रोमिंगची सोय असल्यास, ठरावीक मर्यादेत इटली वा जर्मनीतही त्याच दराने चालते. नॉर्वे, आइसलँड व लिश्टेनश्टाइन हे देशही या व्यवस्थेत आहेत. स्वित्झर्लंड मात्र त्यात नाही आणि ब्रिटनही संघाबाहेर पडल्यामुळे त्यातून वगळला गेला आहे. आपल्याकडील युरोप सहलींत लंडन व स्विस आल्प्स हे दोन्ही मुक्काम हमखास असतात. म्हणून ‘युरोप’ एवढाच शब्द वाचून योजना घेऊ नये, देशांची यादी तपासावी.

अमेरिकेत प्रश्न दराइतकाच मोबाईलच्या क्षमतेचा आहे. तेथील मोठ्या कंपन्यांनी २०२२ मध्ये आपली थ्री-जी सेवा बंद केली. त्यामुळे फोर-जीवरून बोलण्याची, म्हणजेच व्होल्टीची सोय नसलेला जुना मोबाईल तेथे निरुपयोगी ठरू शकतो. ऑस्ट्रेलियातही २०२४ च्या अखेरीस थ्री-जी बंद झाले. ज्येष्ठ नागरिकांनी सवयीचा बटणांचा फोन सोबत नेण्यापूर्वी हे पडताळून घ्यावे. सहा महिन्यांच्या मुक्कामासाठी मुलांच्या कौटुंबिक योजनेत एक जोडणी वाढवणे हा पर्याय अनेकदा स्वस्त पडतो.

संयुक्त अरब अमिरातीत इंटरनेटवरून बोलण्याच्या अनेक लोकप्रिय सेवांवर दीर्घकाळ निर्बंध राहिले आहेत. तेथे व्हॉट्सॲपवरून घरी बोलू, या भरवशावर राहणे योग्य नव्हे. चीनमध्ये स्थानिक सिमवर गूगल व व्हॉट्सॲप चालत नाही. भारतीय सिमच्या रोमिंगमध्ये मात्र इंटरनेटची वाहतूक सामान्यतः मूळ कंपनीच्या जाळ्यातून होते, त्यामुळे त्या सेवा बहुधा उपलब्ध राहतात. महाग वाटणारे रोमिंग येथे पदरात अधिक टाकते. क्रूझ जहाज आणि विमान यांतील जाळे उपग्रहावर चालते व बहुतेक पॅकमध्ये समाविष्ट नसते. तेथे मोबाईल विमान मोडवर ठेवणेच शहाणपणाचे.

भारतीय क्रमांक : खात्याची किल्ली

काटकसरीच्या भरात अनेक जण भारतीय सिम घरीच ठेवून जातात, तर काही जण ते नातेवाइकांच्या हाती देऊन ‘ओटीपी आला की सांगा’ अशी व्यवस्था करतात. ही बचत नव्हे, जोखीम होय. ओटीपी अन्य कुणाला कळता कामा नये, हा नियम आप्तांनाही लागू आहे. शिवाय फसवणूक करणाऱ्याने आपल्या नावे दुसरे सिम मिळवले, तर मूळ सिमचे जाळे अचानक नाहीसे होते. सिम कपाटात बंद असल्यास ही धोक्याची खूण कुणाच्याच लक्षात येत नाही.

दीर्घ मुक्कामात आणखी एक धोका संभवतो. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या नियमांनुसार वापर नसलेली प्रीपेड जोडणी ९० दिवसांपर्यंत बंद करता येत नाही. त्यानंतर मात्र ती बंद होऊ शकते आणि कालांतराने तो क्रमांक दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो. बँकेच्या नोंदीत तोच क्रमांक राहिला, तर खात्याच्या सूचना अनोळखी व्यक्तीच्या हाती जातील. म्हणून परतीच्या तारखेपर्यंतचे रिचार्ज करूनच निघावे.

यावरील सोपा उपाय म्हणजे दोन सिमची सोय असलेला मोबाईल. भारतीय सिम चालू ठेवावे, पण त्यावरील डेटा रोमिंग बंद करावे. इंटरनेट व बोलणे स्थानिक सिमवर करावे. येणाऱ्या एसएमएससाठी भारतीय कंपन्या सामान्यतः रोमिंग शुल्क घेत नाहीत, त्यामुळे ओटीपी मिळत राहतो. काही प्रीपेड योजनांत मात्र पॅक असल्याशिवाय सिम परदेशी जाळे पकडतच नाही. अशा वेळी सर्वांत लहान पॅक घेणेही परवडते. व्हॉट्सॲपने क्रमांक बदलण्याविषयी विचारल्यास जुनाच कायम ठेवावा.

यूपीआय वापरणाऱ्यांनी विशेष दक्षता घ्यावी. फेब्रुवारी २०२४ मध्ये आयफेल टॉवर, श्रीलंका व मॉरिशस येथे ही सेवा सुरू झाली. परंतु नव्या मोबाईलवर यूपीआयची नोंदणी करताना भारतीय सिमवरून एसएमएस पाठवावा लागतो आणि परदेशातून तो पोहोचेलच असे नाही. म्हणून प्रवासाच्या तोंडावर मोबाईल बदलू नये किंवा ॲप काढून टाकू नये.

निघण्यापूर्वी

• मोबाईल कोणत्याही कंपनीचे सिम स्वीकारतो का, ते पाहावे.
• रोमिंग सेवा भारतातच सुरू करून घ्यावी व कॉल फॉरवर्डिंग बंद करावे.
• सर्व क्रमांक +९१ सह साठवावेत. मग कोणत्याही देशातून ते जसेच्या तसे लागतात.
• मुक्कामाच्या शहरांचे नकाशे वाय-फायवर उतरवून ठेवावेत.
• आणीबाणीचा क्रमांक पाठ असावा : युरोपात ११२, अमेरिकेत ९११, ब्रिटन व अमिरातीत ९९९, ऑस्ट्रेलियात ०००.
• कार्ड हरवल्यास परदेशातून लावता येईल असा बँकेचा क्रमांक कागदावरही लिहून घ्यावा. मोबाईलच हरवला, तर तो कागदच उपयोगी पडतो.
• विमानतळ वा उपाहारगृहातील खुल्या वाय-फायवर बँकेचे व्यवहार टाळावेत.

प्रवासाच्या एकूण खर्चात मोबाईलचा वाटा तसा लहान असतो. परंतु परक्या देशात कार्ड अडले, औषधे मागवायची वेळ आली किंवा घरून तातडीचा निरोप यायचा असला, तर सारी भिस्त त्याच्यावरच असते. इंटरनेट स्वस्त मिळेल तेथून घ्यावे. नोंदणीकृत क्रमांक मात्र घरी परत येईपर्यंत चालू आणि आपल्याच हाती ठेवावा.