विश्लेषण : कधी बंडखोर, कधी हेटमन, कधी तारास बुल्बा... युक्रेनचे महान अभिनेते बोहदान स्तुप्का कोण होते?

अभिनेता देशाचा राष्ट्राध्यक्ष होऊ शकतो, हे व्होलोदिमिर झेलेन्स्की यांच्यामुळे जगाने पाहिले. मात्र त्याच्या दोन दशके आधी युक्रेनच्या रंगभूमीने सरकारला एक मंत्री दिला होता. त्यांचे नाव बोहदान स्तुप्का. सोव्हिएत सत्तेशी लढणारा बंडखोर त्यांनी साकारला आणि रशियन भूमीचा जयघोष करणारा तारास बुल्बाही त्यांनीच रंगवला. चित्रपटांत १००च्या आसपास आणि रंगमंचावर ५०हून अधिक भूमिका करणाऱ्या या अभिनेत्याची कारकीर्द समजून घेतली, की युक्रेन-रशिया नात्यातील गुंताही बराचसा समजतो.

वेधशाळेतून रंगमंचावर कसे आले?

स्तुप्का यांचा जन्म २७ ऑगस्ट १९४१ रोजी पश्चिम युक्रेनमधील ल्विव शहराजवळच्या कुलिकिव येथे झाला. हा प्रदेश १९३९ पर्यंत पोलंडमध्ये होता. त्यानंतर तो सोव्हिएत संघाने घेतला आणि स्तुप्का यांच्या जन्माच्या वेळी तेथे जर्मन सैन्याचा ताबा होता. म्हणजे जेमतेम दोन वर्षांत तीन राजवटी! युद्धानंतर तेथे पुन्हा सोव्हिएत सत्ता आली.

वडील ल्विवच्या ऑपेरातील समूहगायक असल्याने नाट्यगृह घरचेच होते. तरी मुलाचा पहिला प्रयत्न ल्विव पॉलिटेक्निकमध्ये रसायनशास्त्र शिकण्याचा होता. तेथे प्रवेश मिळाला नाही. काही काळ त्यांनी ल्विवच्या खगोलशास्त्रीय वेधशाळेत नोकरी केली. पुढे शहरातील मारिया झान्कोवेत्स्का नाट्यगृहाच्या अभिनयवर्गात ते शिकले आणि १९६१ पासून तेथेच काम करू लागले. पुढची १७ वर्षे त्यांनी या रंगमंचावर काढली.

पहिल्याच चित्रपटात बंडखोराची भूमिका कशी मिळाली?

दिग्दर्शक युरी इल्येन्को यांचा ‘व्हाइट बर्ड विथ अ ब्लॅक मार्क’ हा १९७१ मधील चित्रपट. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बुकोविना भागातील एका गरीब कुटुंबातील भाऊ परस्परविरोधी बाजूंना जातात, अशी ही कथा. त्यातला ओरेस्त हा भाऊ युक्रेनी राष्ट्रवादी बंडखोरांना मिळतो.

ही भूमिका मुळात सहपटकथालेखक इवान मिकोलायचुक करणार होते. पण ते तेव्हा युक्रेनमधील अतिशय लोकप्रिय अभिनेते होते. सोव्हिएत संघाचा शत्रू इतक्या लाडक्या चेहऱ्याने दिसावा, हे अधिकाऱ्यांना मान्य नव्हते. मिकोलायचुक यांना सोव्हिएत बाजूच्या भावाची, पेत्रोची भूमिका घ्यावी लागली आणि ओरेस्तसाठी पडद्यावर अनोळखी असलेल्या स्तुप्का यांची निवड झाली.

अधिकाऱ्यांचा हिशेब मात्र चुकला. स्तुप्का यांनी ओरेस्तला निव्वळ खलनायक होऊ दिले नाही. त्याचे प्रेम, त्याचा संताप आणि त्याची कोंडी प्रेक्षकांपर्यंत पोहोचली. चित्रपटाला १९७१च्या मॉस्को चित्रपट महोत्सवात सुवर्ण पुरस्कार मिळाला आणि युक्रेनला नवा अभिनेता मिळाला.

रंगभूमीवरील कोणत्या भूमिका गाजल्या?

दिग्दर्शक सेर्ही दान्चेन्को १९७८ मध्ये कीव्हच्या इवान फ्रांको नाट्यगृहात गेले, तेव्हा स्तुप्काही त्यांच्यासोबत गेले. पुढच्याच वर्षी फ्रांको यांचे ‘चोरलेले सुख’ हे नाटक तेथे रंगमंचावर आले. प्रियकर मेला, असे खोटेच सांगून अन्नाचे लग्न मिकोला या साध्या शेतकऱ्याशी लावून दिले जाते आणि एके दिवशी तोच प्रियकर पोलीस शिपाई बनून दारात उभा राहतो. अपमान गिळत जगणारा नवरा स्तुप्का यांनी उभा केला. या भूमिकेसाठी त्यांना १९८० मध्ये सोव्हिएत संघाचा राज्य पुरस्कार मिळाला.

दुसरी भूमिका तेव्येची. युक्रेनमध्येच जन्मलेले यिद्दिश लेखक शोलेम अलेखेम यांच्या या दूधविक्याला जग ‘फिडलर ऑन द रूफ’मुळे ओळखते. कीव्हमध्ये १९८९ साली ‘तेव्ये-तेवेल’ हे नाटक आले. नेपथ्यकार दानिलो लिदेर यांनी त्यासाठी रंगमंचावर आकाशगंगा साकारली होती. कधीकाळी वेधशाळेत काम केलेला नट त्या ताऱ्यांखाली उभा राहून देवाशी हुज्जत घालत असे. या नाटकाचे ३००हून अधिक प्रयोग झाले.

मंत्रिपद आणि इतिहासातील सरदार

डिसेंबर १९९९ मध्ये स्तुप्का संस्कृतिमंत्री झाले. २००१ मध्ये ते या पदावरून दूर झाले आणि त्याच वर्षी फ्रांको नाट्यगृहाचे कलात्मक संचालक बनले. ही जबाबदारी त्यांनी अखेरपर्यंत सांभाळली.

याच काळात पडद्यावर त्यांनी दोन हेटमन, म्हणजे कोसॅक सैन्याचे प्रमुख, साकारले. पोलिश चित्रपट ‘विथ फायर अँड स्वोर्ड’मध्ये (१९९९) ते बोहदान ख्मेलनित्स्की होते. पोलंडविरुद्ध १६४८ मध्ये उठाव करणारा हा नेता पोलिश प्रेक्षकांसाठी शत्रूच. तरी स्तुप्का यांनी त्याला रुबाब आणि प्रतिष्ठा दिली. पोलंडमध्ये ७० लाखांहून अधिक लोकांनी हा चित्रपट पाहिला. त्यानंतर २००२ मध्ये आलेल्या इल्येन्को यांच्या चित्रपटात ते इवान माझेपा झाले. झार पीटरची साथ सोडून १७०८ मध्ये स्वीडनला मिळालेला माझेपा रशियासाठी गद्दार, तर अनेक युक्रेनी लोकांसाठी स्वातंत्र्याचा नायक आहे.

‘तारास बुल्बा’वरून वाद का झाला?

रशियन चित्रपटसृष्टीही स्तुप्का यांना मानत होती. ‘स्वोई’मध्ये त्यांनी जर्मनांनी नेमलेला गावप्रमुख साकारला. कैदेतून पळून आलेल्या मुलाला आणि त्याच्या साथीदारांना लपवणाऱ्या या बापाच्या भूमिकेसाठी त्यांना २००४ मध्ये मॉस्को महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला.

मात्र २००९ मध्ये रशियन दिग्दर्शक व्लादिमीर बोर्त्को यांचा ‘तारास बुल्बा’ आला आणि वाद पेटला. युक्रेनमध्ये जन्मलेल्या गोगोल यांनी ही कादंबरी रशियन भाषेत लिहिली. ती १८३५ मध्ये प्रसिद्ध झाली आणि १८४२ मध्ये गोगोल यांनी ती वाढवली, तेव्हा तिच्यातील रशियाचा गौरवही वाढला. चित्रपटाने हीच दुसरी आवृत्ती उचलली. रशियन भूमीसाठी प्राण देणारे कोसॅक पाहून युक्रेनमधील टीकाकारांनी याला रशियाचा प्रचार म्हटले. चित्रपटाला रशियाच्या संस्कृती मंत्रालयाचे अर्थसाह्य असल्याने संशय आणखी बळावला. ख्मेलनित्स्की आणि माझेपा साकारणाऱ्या नटाने हे करावे का, असा प्रश्न विचारला गेला.

आज अशी कारकीर्द शक्य आहे का?

स्तुप्का यांना २०११ मध्ये ‘हिरो ऑफ युक्रेन’ हा देशाचा सर्वोच्च किताब मिळाला. कर्करोगाशी झुंजत असताना २२ जुलै २०१२ रोजी, ७० व्या वर्षी, कीव्हमध्ये त्यांचे निधन झाले. त्यानंतर दोनच वर्षांत रशियाने क्रिमिया ताब्यात घेतला आणि २०२२ मध्ये युक्रेनवर पूर्ण ताकदीनिशी आक्रमण केले.

कीव्ह, वॉर्सा आणि मॉस्को अशा तिन्ही ठिकाणी काम करणे स्तुप्का यांना शक्य झाले, कारण तेव्हा दारे उघडी होती. आज युक्रेनी अभिनेत्याने रशियन चित्रपट स्वीकारणे म्हणजे थेट शत्रूची बाजू घेणे ठरते. ‘तारास बुल्बा’मधील त्यांच्या भूमिकेकडेही आता युद्धाच्या नजरेतूनच पाहिले जाते.

पण त्यांच्या भूमिका एका ओळीत ठेवल्या, तर एक गोष्ट दिसते. बंडखोर ओरेस्त, फसवला गेलेला मिकोला, जर्मनांचा गावप्रमुख आणि पोटच्या मुलाला मारणारा बुल्बा, यांपैकी कोणालाही त्यांनी केवळ ‘आपला’ किंवा ‘त्यांचा’ म्हणून रंगवले नाही. फ्रांको नाट्यगृहात पुढे त्यांचा मुलगा ओस्ताप आणि नातू द्मित्रो यांनीही अभिनय केला. स्तुप्का घराण्याचे रंगमंचाशी असलेले नाते असे तिसऱ्या पिढीपर्यंत पोहोचले.