प्रयोगशाळेच्या टेबलावर गुरुत्वीय तरंगांचा धडा

१४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन येथील लायगो वेधशाळांनी गुरुत्वीय तरंग प्रथमच टिपले. दोन कृष्णविवरे एकमेकांत विलीन होताना हे तरंग निघाले होते. त्यांमुळे वेधशाळेच्या ४ किलोमीटर लांबीच्या दोन बाहूंमध्ये पडलेला फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या सुमारे चारशेव्या भागाइतका होता. एवढा फरक मोजता कसा येतो? त्यामागचे तत्त्व शाळेतही दाखवता येते.

हे तत्त्व मायकेलसनच्या व्यतिकरणमापकाचे (इंटरफेरोमीटरचे) आहे. लेसरचा झोत अर्धपारदर्शक आरशावर पाडला की त्याचे दोन भाग होतात. ते एकमेकांशी काटकोनात जाऊन दोन आरशांवरून परततात व पुन्हा एकत्र येतात. दोन्हींच्या तरंगांचे उंचवटे जुळले तर प्रकाश वाढतो; एकाचा उंचवटा दुसऱ्याच्या खोलगट भागावर आला तर अंधार होतो. गुरुत्वीय तरंग एक बाहू ताणतो त्याच वेळी दुसरा आखडतो, म्हणून दोन बाहूंची तुलना येथे उपयोगी पडते.

साहित्य थोडेच लागते. पाया म्हणून कडप्प्याची जड फरशी घ्यावी व ती स्कूटरच्या अर्धवट फुगवलेल्या ट्यूबवर ठेवावी. जमिनीची कंपने बरीच कमी होतात. आरसे पुढच्या पृष्ठावर मुलामा असलेलेच हवेत. घरच्या आरशाचा मुलामा मागे असतो, त्यामुळे दोन प्रतिबिंबे मिळून घोटाळा होतो. दोन्ही बाहू शक्यतो समान लांबीचे ठेवावेत. पडद्यावरील दोन ठिपके स्क्रूच्या साहाय्याने एकमेकांवर आणावेत आणि मग पडद्याआधी लहान नाभीय अंतराचे भिंग धरावे. उजळ आणि काळ्या पट्ट्या दिसू लागतील. लेसर १ मिलिवॉटहून कमी शक्तीचा असावा. त्याच्या झोतात किंवा आरशावरून येणाऱ्या झोतात कोणीही डोळा घालू नये.

लाल लेसरची तरंगलांबी सुमारे ६५० नॅनोमीटर असते. प्रकाश आरशापर्यंत जाऊन परत येतो, म्हणून आरसा ३२५ नॅनोमीटर सरकला की एक पूर्ण पट्टी पुढे सरकते. पट्टीचा दहावा भाग डोळ्यांना ओळखता आला, तर आपण सुमारे ३० नॅनोमीटर मोजले! फरशीवर बोट दाबावे, एका बाहूजवळ मेणबत्ती धरावी, शेजारून कोणाला चालायला सांगावे. प्रत्येक वेळी पट्ट्या हलतील. विद्यार्थ्यांनी याची नोंदवही ठेवावी, कारण खऱ्या वेधशाळेचा निम्मा लढा याच गोंगाटाशी असतो.

आता एक आरसा हलका घेऊन छोट्या स्पीकरच्या पडद्यावर चिकटवावा. पट्ट्यांच्या जागी सौरघट ठेवून तो ध्वनिवर्धकाला जोडावा. स्पीकरला चढत्या वारंवारतेचा, अगदी मंद स्वर द्यावा. २०१५ चा संकेत ०.२ सेकंदात ३५ पासून २५० हर्ट्झपर्यंत चढला होता. तसाच स्वर आता प्रकाशातून ऐकू येईल. मग दुसरा बाहू कागदाने झाकावा. स्वर तरीही तितकाच ऐकू आला, तर तो व्यतिकरणाचा नव्हे, नुसता ठिपका हलल्याचा आहे. ही तपासणी केल्याशिवाय निष्कर्ष लिहू नये.

आपले उपकरण गुरुत्वीय तरंग पकडत नाही, हे वर्गात स्पष्ट सांगावे. आपण मोजलेल्या अंतरापेक्षा लायगोने मोजलेला फरक सुमारे ८०० कोटी पटींनी लहान होता. त्यासाठी निर्वात नळ्या, टांगलेले ४० किलोग्रॅमचे आरसे आणि बाहूत शेकडो वेळा फिरणारा प्रकाश लागतो. एवढे करूनही एका वेधशाळेवर विसंबता येत नाही. सुमारे ३००० किलोमीटर अंतरावरील दोन ठिकाणी ७ मिलिसेकंदांच्या अंतराने तोच संकेत मिळाला, म्हणून त्यावर विश्वास बसला. तरंग कोणत्या दिशेने आला हे नेमके कळण्यासाठी मात्र आणखी दूरची वेधशाळा हवी. हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथजवळच्या लायगो-इंडिया प्रकल्पाचे, ज्याला केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२३ मध्ये मंजुरी दिली, महत्त्व येथेच आहे. तेथे काम करू शकणारे हात आज कदाचित आपल्याच वर्गात स्क्रू फिरवत असतील.