कात्रज ते सिंहगड: फोन पुरेल की जीपीएस घ्यावा?

के-टू-एस रात्रीचा करायचाय, हँडहेल्ड जीपीएस घेऊ का, असं मला बरेच जण विचारतात.

जुन्या कात्रज बोगद्यापासून निघालं की एकामागून एक टेकड्या, आणि अंधारात सगळ्या सारख्याच. पण रेंज गेली तरी फोनचा जीपीएस चालतो. तो थेट उपग्रहांचे सिग्नल घेतो. रेंज लागते ती नकाशा डाउनलोड करायला. ते घरीच करा, ट्रॅकही टाकून ठेवा. पाऊस नसेल तर माझ्या मते एवढं आणि एक पॉवर बँक बास.

पावसाळ्यात मात्र ओल्या स्क्रीनवर बोटच चालत नाही. गार्मिन ईट्रेक्स १० सारख्या यंत्राला बटणं असतात, भिजलं तरी चालतं, आणि दोन पेन्सिल सेल संपले की दुसरे टाकायचे. नकाशा तुटपुंजा, दिसायला जुनाट (मित्र हसतील, हसू देत). ट्रॅक आधी भरला की काम होतं.

आणि हो, परदेशातल्या मामाकडून चुकून इनरीच मागवू नका. ते उपग्रहावरून मेसेज पाठवतं, आणि परवान्याशिवाय आपल्याकडे ते बेकायदा आहे. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर एका परदेशी पाहुणीला त्यावरूनच अडवलं होतं. साधा जीपीएस सिग्नल फक्त घेतो, पाठवत नाही, म्हणून त्याला ही अडचण नाही.