राखाडीच्या पोटातले रंग

रंगाच्या दुकानात 'ग्रे द्या' म्हणणारं गिऱ्हाईक आलं की काउंटरवरचा माणूस शेडकार्ड उघडून समोर सरकवतो आणि गप्प बसतो. पुढचा बराच वेळ गिऱ्हाईकच बोलणार, हे त्याला सवयीनं ठाऊक असतं. 'हा जरा निळा वाटतो.' 'हा मळकट.' 'हा बरा आहे, पण सिमेंट दिसेल हो.' नवरा एका पट्टीवर बोट ठेवतो, बायको दुसऱ्या, आणि सोबत आलेल्या सासूबाई विचारतात, स्वयंपाकघराला कुणी राखेचा रंग देतं का?

पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटच्या आसपास प्लायवुड, लॅमिनेट आणि हार्डवेअरची दुकानं दाटीनं आहेत. नव्या फ्लॅटच्या किचन ट्रॉल्यांची खरेदी करणारी कुटुंबं तिथं दिवसभर फिरत असतात. तिथल्याच एका रंगाच्या दुकानात टिंटिंग मशिनपाशी उभं राहून मी ग्रेचे डबे तयार होताना पाहिले. पांढऱ्या बेसचा डबा नळ्यांखाली ठेवला, संगणकात शेडचा नंबर घातला. आधी काळ्याची बारीक धार पडली, ती अपेक्षितच होती. मग गेरूसारखा तांबडा आला, अगदी थेंबभर. त्यामागून पिवळ्या मातीचा रंग. झाकण ठोकून डबा शेकरमध्ये गदागदा हलला आणि उघडला तेव्हा आत ऊबदार, किंचित तपकिरीकडे झुकणारा राखाडी होता. पुढच्या डब्यात तांबड्याऐवजी जांभळा पडला. दोन्ही डबे शेजारी ठेवल्यावर पहिला चक्क खाकी वाटायला लागला.

'काळा एकटाच घातला तर?' असं विचारल्यावर दुकानदारानं उत्तर दिलं नाही. पुठ्ठ्यावर चमचाभर पांढरा घेतला, त्यात काळ्या स्टेनरचा थेंब कालवला आणि पुढे केला. निळसर. नुसत्या पांढऱ्या-काळ्याचं मिश्रण बहुतेक वेळा असंच थंड होतं. म्हणून कार्डावरच्या जवळजवळ प्रत्येक ग्रेच्या पोटात दुसरा एखादा रंग मुद्दाम घातलेला असतो, कुठे हिरवा, कुठे जांभळा, कुठे माती. तो ओळखायची सोपी युक्ती म्हणजे पट्टी कोऱ्या पांढऱ्या कागदावर ठेवायची आणि शेजारी आणखी तीन-चार ग्रे ठेवायचे. एकटा ग्रे आपलं पोट दाखवत नाही.

याचं शास्त्र जुनं आहे. पॅरिसच्या गोबेलँ कारखान्यात विणकामाच्या धाग्यांना रंग देण्याचा विभाग मिशेल शेव्रल या रसायनतज्ज्ञाकडे होता. काळा धागा नीट काळा दिसत नाही, अशी तक्रार त्याच्याकडे आली. त्यानं तपासलं तर रंगात खोट नव्हती. शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळे काळा फिका दिसत होता. शेजारचा रंग बदलला की मधला रंग बदललेला दिसतो, हा सिद्धान्त त्यानं 1839 साली ग्रंथात मांडला. आपल्या स्वयंपाकघरात तो रोज सिद्ध होतो. तांबूस ग्रॅनाइटच्या ओट्याखाली साधा ग्रे हिरवट दिसतो. हिरव्या टाइल्सशेजारी तोच ग्रे लालसर होतो. सागवानी चौकटीच्या बाजूला तो निळा पडतो. मालक म्हणतो, दुकानदारानं शेड चुकीची दिली. शेड बरोबर असते, शेजार वेगळा असतो.

दुसरी गडबड उजेडाची. वास्तू पाहून बांधलेल्या इमारतींत स्वयंपाकघर आग्नेयेला असतं, म्हणजे सकाळी कोवळं ऊन थेट ओट्यावर. त्या उन्हात निळसर ग्रेसुद्धा गोड वाटतो. दुपारनंतर मात्र ड्राय बाल्कनीतून गाळून येणारा फिका उजेड उरतो आणि ट्रॉल्यांची तीच शटर, म्हणजे दारं, थंडगार, आजारी दिसू लागतात. रात्रीचा मामला बल्बवर. 2700 केल्विनचा पिवळा बल्ब ग्रेला मऊ करतो, 6500 चा पांढरा एलईडी त्याला स्टीलच्या कपाटाजवळ नेऊन ठेवतो. त्यातून खालच्या ट्रॉल्या लॅमिनेटच्या आणि वरची कपाटं रंगवलेली असतील तर आणखी पंचाईत. दुकानातल्या ट्यूबखाली तंतोतंत जुळलेले दोन ग्रे घरच्या बल्बखाली वेगळे दिसू शकतात, कारण दोन्हींत घातलेली रंगद्रव्यं निराळी असतात. शास्त्रात याला मेटामेरिझम म्हणतात. सुतार याला 'मॅच होत नाही' म्हणतो आणि मोकळा होतो.

शटरना पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन, रंग देणारे कारीगर ग्रेला वचकून असतात, असं माझं निरीक्षण आहे. एमडीएफच्या शटरवर प्रायमर बसला की ते 320 चा पेपर मारतात, कापडानं धूळ टिपतात आणि मोबाइलचा टॉर्च पृष्ठभागाला जवळजवळ टेकवून आडवा फिरवतात. आडव्या उजेडात एकेक ओरखडा उभा राहतो. पांढऱ्यात खपून जाईल असा ओरखडा गडद ग्रेमध्ये लपत नाही, म्हणून पुन्हा पेपर. मग हार्डनर मिसळायचा आणि मिश्रण घट्ट व्हायच्या आत गन चालवायची. हात थांबला तर तिथं थर जाड बसतो. एक कारीगर नमुन्याच्या फळीचे दोन भाग करून एकावर मॅट, दुसऱ्यावर ग्लॉस मारून दाखवत होता. रंग एकाच डब्यातला, तरी ग्लॉसची बाजू गडद दिसत होती आणि मॅटवर हलकीशी साय आल्यासारखी. कागदी कार्ड पाहून शटर ठरवणाऱ्यांना हे कधी दिसत नाही.

सध्या हँडल नसलेल्या गडद मॅट शटरची फॅशन आहे. फोटोत ती देखणी दिसतात. आपल्याकडे कणीक मळता मळता त्याच हातानं ट्रॉली उघडली जाते, फोडणीचा तेलकट थर शेगडीभोवती बसतो आणि बोअरचं पाणी वाळलं की क्षारांचे पांढरे ठिपके उरतात. गडद ग्रेवर हे सगळं उठून दिसतं. माझं मत विचाराल तर शेगडीच्या आसपास आणि ओट्याखाली मध्यम, मातीकडे झुकणारा ग्रे घ्यावा. गडदाची हौस बाहेरच्या टीव्ही युनिटवर भागवावी. वरच्या कपाटांना फिका घ्या. काही कार्डांवर शेडमागे एलआरव्हीचा, म्हणजे रंग किती उजेड परत फेकतो त्याचा, आकडा छापलेला असतो. 0 म्हणजे सगळा उजेड गिळणारा, 100 म्हणजे सगळा परत देणारा. लहान स्वयंपाकघरात हा आकडा शेडच्या गोंडस नावापेक्षा जास्त उपयोगी पडतो.

तेव्हा घाई करू नका. ओट्याचा दगड, टाइल्स आणि बल्ब आधी ठरवा, ग्रे सगळ्यात शेवटी. शटरच्याच मटेरियलच्या फळीवर नमुना मारून घ्या आणि ती फळी ओट्यापाशी उभी करून सकाळ-दुपार-रात्र पाहा. भिंतीवर मारून पाहू नका, तिथला जुना रंग डोळ्यांना फसवतो. सगळ्या शटरचा रंग एकदाच बनवून घ्या, आणि डब्यावरचं लेबल, म्हणजे कंपनी, शेड नंबर, बेस आणि चकाकी, फोटो काढून जपून ठेवा. कुकरचं झाकण लागून शटरचा टवका कधीतरी उडणारच, आणि अंदाजानं कालवलेला ग्रे जुन्याशी जुळत नाही.