उल्का वर जाते का?

२००६ सालच्या गणेशोत्सवातली गोष्ट. आमच्या सोसायटीत एका संध्याकाळी गुणवंतांचा सत्कार असायचा आणि मानपत्र लिहिण्याचं काम ठरल्यासारखं माझ्याकडे यायचं. जन्मभर इंग्रजी शिकवलं, पुढे थोडीफार भाषांतरं केली. त्यामुळे 'सर, चार ओळी लिहून द्या' या विनंतीला नाही म्हणता येत नसे. त्या वर्षी सत्कार होता तिसऱ्या मजल्यावरच्या एका तरुण इंजिनिअरचा. साधा प्रोग्रामर म्हणून लागलेला हा मुलगा चार वर्षांत विभागप्रमुख झाला होता. त्याच्या कंपनीच्या पत्रात या प्रगतीला 'मीटिऑरिक राइज' म्हटलं होतं. मी ते मराठीत उतरवलं, 'उल्केसारखा तेजस्वी उदय'. वाचताना माझं मलाच ते फार छान वाटलं. टाळ्याही पडल्या.

कार्यक्रम संपल्यावर प्रसादाच्या रांगेत त्या मुलाच्या आजींनी मला गाठलं. वय ऐंशीच्या पुढचं, पण आवाज खणखणीत. म्हणाल्या, "मास्तर, सगळं छान लिहिलंत हो. पण माझ्या नातवाला उल्का का म्हणालात? ती तर पडते. तारा तुटताना दिसला की आमची आई तोंड फिरवायला लावायची."

"अहो आजी, इंग्रजीत तसं म्हणतात," मी पुटपुटलो.

"इंग्रजीत म्हणत असतील. मानपत्र मराठीत आहे ना?"

मला उत्तर सुचलं नाही. घरी येऊन शब्दकोश काढले, आणि आजींच्या त्या एका प्रश्नाने मला बराच लांबचा प्रवास घडवला. त्या प्रवासाची हकिगत आज तुम्हाला सांगणार आहे.

इंग्रजी वर्तमानपत्र रोज वाचणाऱ्यांना 'मीटिऑरिक' हे विशेषण नवं नाही. काल कोणाला माहीत नसलेला गायक आज घरोघरी पोचला, एखादा पुढारी पहिल्याच निवडणुकीनंतर मंत्री झाला, गॅरेजमध्ये सुरू झालेली कंपनी पाच वर्षांत अब्जावधींची झाली, की हा शब्द हजर. आणि गंमत म्हणजे त्याच्या शेजारी बहुतेक वेळा 'राइज', म्हणजे चढण, उदय, हाच शब्द असतो. 'मीटिऑरिक फॉल' असं क्वचितच वाचायला मिळतं. खरं तर उल्का पडते, म्हणून तोच प्रयोग जास्त शोभला असता. हा आक्षेप आजींनीच घेतला असं नाही. भाषेबाबत काटेकोर असणारे इंग्रज आणि अमेरिकन लोकही याच शब्दावरून एकमेकांना चिमटे काढत आले आहेत.

आता उल्का म्हणजे काय, ते आधी पाहू. अवकाशात धुळीचे, खड्यांचे असंख्य कण फिरत असतात. त्यातले काही पृथ्वीच्या वाटेत येतात आणि सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर एवढ्या प्रचंड वेगाने वातावरणात शिरतात. जमिनीपासून सुमारे शंभर किलोमीटर उंचीवर ते तापतात, पेटतात आणि त्यांची वाफ होते. आपल्याला दिसते ती तेवढीच प्रकाशाची रेघ, तीही साधारण सेकंदभर. ती रेघ ओढणारा कण पुष्कळदा वाळूच्या दाण्याएवढाच असतो. जळूनही जो तुकडा जमिनीवर पोचतो त्याला आपण अशनी म्हणतो. आपल्या बुलढाणा जिल्ह्यातलं लोणारचं सरोवर अशाच एका महाकाय पाषाणाच्या आघाताने झालं; त्या विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. पण अशनी विरळा. बहुतेक उल्का वरच्या वर संपतात आणि मागे काहीही ठेवत नाहीत.

तेव्हा उल्का पडते हे खरं. पण ती वर जाताना कधीच दिसत नाही का? १९९८ च्या नोव्हेंबरात सिंह तारकासमूहातून होणाऱ्या उल्कावर्षावाची फार चर्चा होती. आम्ही काही मित्र घोंगड्या आणि चहाचा थर्मास घेऊन सिंहगडाच्या पायथ्याशी जाऊन बसलो होतो. मध्यरात्रीच्या सुमाराला पूर्वेकडच्या क्षितिजातून एक लांबलचक रेघ निघाली आणि चक्क वर चढत माथ्यापर्यंत आली. कारण सरळ आहे. ज्या बिंदूपासून उल्का निघाल्यासारख्या वाटतात तो क्षितिजाशी असला, की त्या वातावरणाला जवळजवळ समांतर घासत येतात आणि आपल्याला वर चढताना दिसतात. म्हणजे डोळ्यांच्या साक्षीने पाहिलं तर 'मीटिऑरिक राइज' अगदीच अशक्य नाही. अर्थात, ज्यांनी हा शब्दप्रयोग रूढ केला त्यांनी असा विचार केला असेल असं मला वाटत नाही.

खरी गंमत त्या शब्दाच्या मुळात आहे. पुण्यात शिवाजीनगरला 'शिमला ऑफिस' आहे. १८७५ साली स्थापन झालेल्या भारतीय हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये शिमल्याहून इथे आलं, म्हणून लोकांनी दिलेलं हे नाव. पुढे मुख्यालय दिल्लीला गेलं, नाव मात्र राहिलं. शाळेत असताना त्या खात्याचं 'मीटिऑरॉलॉजिकल' हे इंग्रजी नाव मी अक्षर अक्षर लावून वाचलं होतं आणि आत उल्का मोजणारे लोक बसत असतील अशी माझी ठाम समजूत झाली होती. तिथे पावसाचा हिशेब ठेवतात हे कळल्यावर चांगलाच हिरमोड झाला.

पण उल्का आणि पाऊस यांचं नातं जुनं आहे. 'मीटिऑर' हा शब्द ग्रीक भाषेतून आला आणि तिथे त्याचा अर्थ आहे 'उंच उचललेलं', 'अधांतरी असलेलं'. ॲरिस्टॉटलने अशा सगळ्या गोष्टींवर एक ग्रंथच लिहिला. वारा, पाऊस, गारा, इंद्रधनुष्य, वीज आणि तुटणारे तारे, सारं त्याच्या मते एकाच घरातलं. इंग्रजीतही कित्येक शतकं पाऊस हा पाण्याचा 'मीटिऑर' होता, वारा हवेचा आणि उल्का अग्नीचा. भूगर्भशास्त्रज्ञ आजही पावसातून जमिनीत मुरलेल्या पाण्याला 'मीटिऑरिक वॉटर' म्हणतात. म्हणजे आपल्या गावच्या विहिरीचं पाणीसुद्धा 'मीटिऑरिक', आणि त्याचा यशाशी काडीचाही संबंध नाही!

दगड आकाशातून पडतात ही गोष्ट युरोपातल्या विद्वानांना फार उशिरा पटली. १८०३ साली फ्रान्समधल्या लेगल गावी दगडांचा वर्षाव झाला, बिओ या शास्त्रज्ञाने जाऊन चौकशी केली, तेव्हा कुठे शंका फिटल्या. १८३३ च्या नोव्हेंबरात अमेरिकेत एका रात्री उल्कांचा असा पाऊस पडला की अनेकांना जगबुडी आली असं वाटलं. ऑल्मस्टेड या प्राध्यापकाने ठिकठिकाणच्या नोंदी गोळा केल्या आणि या उल्का वातावरणाबाहेरून येतात असं दाखवून दिलं. हळूहळू 'मीटिऑर'मधून पाऊस-वारा गळाला आणि उल्का तेवढी उरली. म्हणजे पाहा, आज ज्या शब्दाला 'राइज' जोडला म्हणून आपण हसतो, त्याच्या मुळातच 'वर उचलणं' बसलेलं आहे.

मग तो माणसांना कसा चिकटला? उल्केत दोन गोष्टी असतात. ती झळाळते, आणि ती विझते. पूर्वीचे इंग्रजी लेखक माणसाला उल्का म्हणत तेव्हा त्यांच्या मनात या दोन्ही गोष्टी असत. कवी बायरनचं उदाहरण घ्या. १८१२ साली त्याच्या दीर्घकाव्याचे पहिले दोन सर्ग प्रसिद्ध झाले आणि लंडनमध्ये जिकडेतिकडे त्याचंच नाव झालं. चारच वर्षांत बदनामीमुळे त्याने देश सोडला तो परत न येण्यासाठी, आणि १८२४ मध्ये ग्रीसमध्ये त्याचा मृत्यू झाला. वय अवघं ३६. अशा आयुष्याला 'मीटिऑरिक' म्हटलं तर त्यात कौतुक होतं आणि हळहळही होती. आता त्याच देशातला धाकटा विल्यम पिट पाहा. १७८३ साली तो २४ व्या वर्षी पंतप्रधान झाला. आजचा बातमीदार त्याच्याही चढणीला बेधडक 'मीटिऑरिक' म्हणेल. पण पिट सलग सतरा वर्षं त्या पदावर राहिला आणि नंतर पुन्हा एकदा पंतप्रधान झाला. उल्का कधी सतरा वर्षं जळते का?

इंग्रजी शब्दकोशांत आजही या शब्दाच्या अर्थात क्षणिक चमक नोंदलेली सापडते. बोलण्या-लिहिण्यात मात्र 'झळाळते' हा अर्धा भाग राहिला, 'विझते' हा भाग वापरून वापरून झिजून गेला. शब्दांचं असं होतंच. आपण 'औटघटकेचं राज्य' म्हणतो तेव्हा साडेतीन घटका म्हणजे ८४ मिनिटं असा हिशेब कोण करतं? फरक एवढाच, की आपल्या शब्दप्रयोगात संपण्याची सूचना शाबूत आहे, इंग्रजांच्या शब्दात ती दिसेनाशी झाली आहे. कधी मात्र तो झिजलेला अर्थ अचानक परत येतो. अमेरिकेत २००३ साली सुरू झालेल्या थेरानोस कंपनीने रक्ताच्या थेंबभर नमुन्यातून ढीगभर तपासण्या करून दाखवण्याचा दावा केला. तिचं मूल्य नऊ अब्ज डॉलरपर्यंत चढलं. यंत्र दाव्याप्रमाणे काम करत नाही हे उघड झालं, २०१८ मध्ये कंपनी बंद पडली आणि २०२२ मध्ये संस्थापिकेला तुरुंगवासाची शिक्षा झाली. तिची चढण 'मीटिऑरिक' होती हे शब्दशः खरं ठरलं.

आता आजींच्या बाजूला येऊ. इंग्रज मुलं उल्का दिसली की मनात इच्छा धरतात. आपल्याकडे ती अशुभ मानली गेली. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत उल्कांच्या लक्षणांवर आणि फलांवर स्वतंत्र अध्याय आहे. आणि आपली वर्तमानपत्रं आठवा. मोठा कलावंत गेला की मथळा येतो, 'तारा निखळला'. आकाशातली तीच घटना इंग्रजी बातमीदार कोणाच्या उदयासाठी वापरतो आणि मराठी बातमीदार कोणाच्या निधनासाठी. मी मानपत्रात नेमकं हेच विसरलो होतो. शब्दाचं भाषांतर बरोबर होतं, शुभेच्छेचं चुकलं होतं. अर्थात आपल्याकडेही उल्केचं सगळ्यांनाच भय होतं असं नाही. वि. स. खांडेकरांनी १९३४ साली आपल्या कादंबरीला आणि तिच्या नायिकेला 'उल्का' हेच नाव दिलं, आणि महाराष्ट्रात आईबापांनी आपल्या मुलींची नावंही हौसेने उल्का ठेवली आहेत. पण नाव ठेवताना तेज पाहिलं जातं. कर्तबगारीचं माप काढताना किती टिकली तेही पाहावं लागतं.

त्या तरुणाचं पुढे काय झालं, हे तुम्ही विचारालच. जगभरातली मंदी आली आणि २००९ च्या सुरुवातीला त्याचा अख्खा विभागच बंद झाला. एका संध्याकाळी तो माझ्याकडे आला, हसायचा प्रयत्न करत म्हणाला, "काका, आजीचं खरं ठरलं." मी त्याला म्हटलं, "अरे, शब्दांनी नोकऱ्या जात नाहीत. पण तुझी स्तुती केली ती तुझ्या वेगाची. तू तिथे टिकशील असं त्या पत्रात कोणी म्हटलंच नव्हतं, आपण दोघांनी ते वाचलं." सात-आठ महिन्यांनी त्याला दुसरं काम मिळालं, लहान पदाचं. तिथे तो पायरी पायरीने चढला. त्या चढणीला कुठलंच विशेषण कोणी लावलं नाही.

आजींनी तेव्हा रांगेतून पुढे सरकता सरकता आणखी एक वाक्य म्हटलं होतं. "अहो, वर गेलेला मुलगाच सांगायचा तर आपल्याकडे ध्रुव होता की!" बापाच्या मांडीवरून उठवलेलं पोर, ते आकाशात गेलं आणि तिथेच राहिलं. अढळपद म्हणतो आपण त्याला. मी दुसऱ्या दिवशी मानपत्र नव्याने लिहिलं. 'उल्केसारखा' खोडून तिथे 'अल्पावधीत, स्वतःच्या कष्टाने' असे साधे शब्द घातले, आणि फ्रेमवाल्याकडून काच बदलून आणली. ध्रुव मात्र लिहिला नाही. ते पद मानपत्राने मिळत नाही.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)